उष्टी पुंगी

माझ्या सासूबाईंच्या तोंडाला लागलेली एक वस्तू मी चौदा महिने रोज दोनदा धुतली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, नळाखाली धरून, आतून-बाहेरून. त्यांनीच तसं सांगितलं होतं. अजूनही नात्यातलं कुणी कौतुकानं म्हणतं, सासूचं किती केलंस गं तू, तेव्हा मला ते धुणं आठवतं आणि मी चहाचं विचारते. आता चहाचं विचारायचाही कंटाळा आला, म्हणून लिहून टाकते.

आमचं घर पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या अलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्या, आणि त्यांतलं स्वयंपाकघर सासूबाईंच्या सोवळ्याला वाहिलेलं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर. कारखान्यात तो पन्नास माणसांना ओरडायचा आणि घरी आला की म्हणायचा, तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही. तो खरंच कधी पडला नाही.

सासूबाई सोवळ्यातला स्वयंपाक करायला जात. गंगेवर श्राद्ध करायला बाहेरगावचे यजमान येतात, गुरुजींकडे उतरतात, क्रिया झाली की त्यांच्याकडेच पानं मांडली जातात. त्या स्वयंपाकाला चार घरचे गुरुजी सासूबाईंनाच बोलावत. पहाटे आंघोळ करून, रात्री कुणी शिवू नये अशा दांडीवर वाळत घातलेलं लुगडं नेसून त्या निघायच्या. पावसाळ्यात ते वाळायचं नाही, मग दमटच नेसायच्या. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं त्यांच्या हातचं. शंभर पानांची खीर केली तरी खाली कधी लागली नाही. त्या कौतुकावर त्या जगत होत्या, हे मी आज सरळ मनानं म्हणू शकते. तेव्हा मला फक्त त्यांचं नाकानं कांदे सोलणं दिसायचं.

मी त्यांच्याच जातीची, पोटजातही तीच, पत्रिका छत्तीसातले अठ्ठावीस गुण जुळवून आणलेली. तरी त्यांच्या सोवळ्यात माझ्या हातचं पाणी चालत नसे. कारण माझ्या वडिलांचं सिन्नरला मेडिकलचं दुकान होतं. साऱ्या गावाचे खोकले आणि थुंकी जिथे उडते तिथे ही पोर वाढली, असं त्या आल्यागेल्याला सांगत, मी चहा घेऊन समोर उभी असताना. पाळीचे तीन दिवस मला बाल्कनीच्या बाजूला वेगळी सतरंजी असे. नवऱ्याला ते जुनाट वाटायचं, असं तो लग्नाआधी म्हणाला होता.

वडिलांच्या त्या दुकानात मी कॉलेजात असताना संध्याकाळी बसायचे. त्यांचा एक नियम होता. औषध दिलं की कसं घ्यायचं ते दोनदा सांगायचं, आणि तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायचं. दम्याचं काही असलं की मग बघायलाच नको. समोर उभं करून ओढायला लावायचे. मागे रांग लागायची, लोक कुरकुरायचे, एखादा दुसऱ्या दुकानात निघून जायचा. वडील म्हणायचे, जाऊ दे, एकदा सांगितलेलं माणसाच्या कानात राहतं, हातात उतरत नाही. एका बाईला तर त्यांनी हाक मारून परत बोलावलं होतं. ओढायच्या पावडरीची कॅप्सूल ती महिनाभर पाण्याबरोबर गिळत होती. त्यांनी तिला चहा पाजला आणि मग शिकवलं. मी हसले, तर गिऱ्हाईक गेल्यावर मला बोलले होते.

सासूबाईंना दम आधीपासूनच लागायचा. चुलीपुढचा धूर, तळणाची वाफ आणि अंगावरचं दमट लुगडं यांनी तो वाढत गेला. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून त्या गुरुजींच्या जिन्यावर मध्येच थांबून तुळशीला पाणी आहे का ते बघितल्यासारखं करायच्या. धापा टाकणाऱ्या बाईला स्वयंपाकाला कोण बोलावणार. शेवटी एकदा घरीच ओठ निळे पडले तेव्हा नवऱ्यानं त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पावडरीचं इन्हेलर दिलं. बोटभर लांबीचं, पारदर्शक प्लास्टिकचं, त्यात कॅप्सूल घालायची, फिरवायचं आणि तोंडात धरून जोरात श्वास ओढायचा. रोजची कॅप्सूल वेगळी, एकदम दम लागला तर घ्यायची वेगळी, यंत्र एकच. तिथल्या मुलीनं घाईघाईत दाखवलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

सासूबाईंनी त्याचं नाव पुंगी ठेवलं. आणि पहिल्याच दिवशी, तोंडातून काढल्याबरोबर, दोन बोटांत मेलेल्या पालीसारखी धरून माझ्यापुढे केली. म्हणाल्या, "उष्टी झाली. आधी धुऊन आण."

तोंडाला लागलेलं उष्टं, उष्टं ते धुवायचं, आणि धुवायचं म्हणजे मीच. पहिल्या दिवशी मी धुऊन आणली. चौथ्या दिवशी धुताना पाहिलं तर आतल्या जाळीवर पांढरा चिकट लगदा बसलेला. ओल्या परातीत पीठ घेतलं की बसतो तसा. सकाळची ओल वाळायच्या आत संध्याकाळची कॅप्सूल आत पडत होती, आणि श्रावणातल्या हवेत आमच्याकडे पापडसुद्धा वाळत नाहीत. पावडर छातीत जायच्या ऐवजी तिथेच बसत होती.

मी जाऊन सांगितलं. सासूबाई वाती वळत होत्या. मी म्हटलं, "आई, ओल्या यंत्राला पावडर चिकटते. छातीत काहीच जात नाही. आठवड्यातून एकदा धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं असतं. हवं तर आपण दोन आणू, एक वाळेपर्यंत दुसरं."

त्यांनी मान वर केली नाही. मांडीवर वात वळता वळता म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या दुकानात उष्टं चालत असेल. या घरात चालत नाही."

माझे वडील जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते.

सिन्नरहून मी तेराव्याचं करून परतले त्याला दहा दिवसही उलटले नव्हते. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच मला आल्या आल्या डोक्यावरून आंघोळ करायला लावली होती. त्या क्षणी माझ्या आत जे झालं त्याला मी राग म्हणत नाही. राग भडकतो आणि जातो. हे गार होतं आणि मला ते सुखाचं वाटलं. मी म्हटलं, "बरं." पुंगी पुन्हा नळाखाली धरली, झटकलीसुद्धा नाही, आणि पाणी ठिबकत असतानाच त्यांच्या हाताशी नेऊन ठेवली.

त्यानंतर तो विषय मी पुन्हा काढला नाही. सांगितलं होतं, ऐकलं नाही, माझी जबाबदारी संपली. पालथ्या घड्यावर किती पाणी घालायचं. असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते खरंच वाटायला लागलं. मी आज्ञाधारक सून झाले. त्या म्हणायच्या धू, मी धुवायची. महागाचं औषध रोज दोन वेळा आमच्या मोरीत जात होतं. मोरीला कधी दम लागला नाही.

आणि त्या दमात मला एक सोय सापडली. सासूबाईंना बोलताना धाप लागायला लागली. टोमणा अर्ध्यावर आला की श्वास संपायचा. "सिन्नरच्या लोकांना..." असं म्हणून त्या थांबायच्या, छाती वर-खाली व्हायची, हात खाटेच्या काठावर घट्ट. मी समोर उभी राहायची. खाली मान घालून, पदर सारखा करून, वाक्य पुरं होण्याची वाट बघत. कधी कधी ते पुरं व्हायचंच नाही. मग मी मोठ्या आदरानं विचारायची, "काय म्हणत होता, आई?" घरात दुपारी कधी नव्हे ती शांतता असायची, आणि ती मला आवडायची. खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांकडे दर महिन्याला मीच घेऊन जायची. ते विचारायचे, औषध नियमित घेता ना. सासूबाई सांगायच्या, एक दिवस चुकत नाही, आणि ते खरं होतं. नंतर चूळ भरता ना, घशात बुरशी धरते नाही तर. चूळ भरण्यात त्यांचा हात कोण धरणार, दहा वेळा खळखळून भरायच्या. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची. फरक का पडत नाही म्हणून त्यांनी कॅप्सूलची ताकद वाढवली. मग पोटातून घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी सासूबाईंचा चेहरा गोल झाला, साखर वाढली, दंडावर साधा धक्का लागला तरी निळे डाग पडायला लागले. शेजारणी म्हणायच्या, तब्येत छान झाली हो तुमची. मी मागून म्हणायची, हो ना.

मार्गशीर्षात आमच्या भागात पाइपलाइन फुटली आणि दोन दिवस नळाला पाणी आलं नाही. पिण्याचा एकच हंडा उरला होता. उष्टं धुवायला पिण्याचं पाणी घ्यायचं, हे सासूबाईंच्याही जिवावर आलं. म्हणाल्या, "राहू दे. आज नुसती पुसून आण." मी फडक्यानं पुसून दिली. दुसऱ्या दिवशीही पुसून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक भिजवत होते, आणि मागून आवाज आला, "इतकी सैल कणीक आमच्याकडे गाईला घालतात, माणसांना नाही." सगळं वाक्य. एका दमात, कुठेही न थांबता. मी वळून पाहिलं तर त्या स्वतः चालत दारापर्यंत आल्या होत्या आणि गालांवर रंग होता. त्यांना स्वतःलाही ते जाणवलं असावं, कारण त्या जरा हसल्या. म्हणाल्या, "आज बरं वाटतंय गं."

त्या दिवसापर्यंत मी स्वतःला सांगू शकत होते, की कदाचित तसं नसेल, कदाचित आजारच मोठा असेल. त्यानंतर ती सोय राहिली नाही. मला पक्कं कळलं. अकरा वाजता नळ आला, घरभर भांडी लावून पाणी भरलं, आणि त्या गडबडीत सासूबाईंनी हाक मारली, "पुंगी दोन दिवसांची उष्टी आहे, नीट धू." मी नीट धुतली.

पुढच्या पितृपक्षात सर्वपित्रीला गुरुजींकडे मोठा स्वयंपाक होता. चाळीस पानं. सासूबाईंना खरं तर जिना चढवत नव्हता, पण वर्षभरात त्यांना दोनच बोलावणी आली होती आणि हे तिसरं त्या सोडणार नव्हत्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी बरोबर गेले. सोवळ्यात नसल्यामुळे मला स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नव्हतं, बाहेरच्या खोलीत पत्रावळी मांडायच्या होत्या. पुंगी माझ्या पिशवीत होती. सकाळी धुतलेली, ओली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली.

वड्यांचा दुसरा घाणा काढताना त्या कढईसमोर खाली बसल्या. आधी वाटलं काही पडलं ते उचलतायत. मग तो आवाज ऐकू आला. दम लागलेल्या माणसाच्या छातीत शिट्टी वाजते ती लांबूनही कळते. आत त्यांच्याबरोबर सोवळ्यातल्या तीन बायका होत्या. एकीनं गॅस बंद केला. मी पिशवी घेऊन दारात धावले, तर गुरुजींच्या बायको म्हणाल्या, "आत येऊ नकोस. तिथूनच दे." मी पुंगी आणि तातडीची कॅप्सूल उंबऱ्यावरून फरशीवर सरकवली.

सासूबाईंनी ती उचलली, कॅप्सूल घातली, फिरवली, तोंडात धरून ओढली. तोंडाला लावल्याबरोबर त्या उष्ट्या झाल्या, आणि त्या तिघी लुगडी सावरून भिंतीकडे सरकल्या. त्यांना शिवलं असतं तर परत आंघोळ, परत सोवळं, आणि बाहेर यजमान बसलेले. सासूबाईंनी पुन्हा ओढली. काही होईना. तिसऱ्यांदा ओढून झाल्यावर त्यांनी पुंगी डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्यांदाच आत नीट पाहिलं. जाळीवर पांढरा लगदा होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी एक पाऊल आत टाकणार तेवढ्यात त्यांनी तळहात पुढे केला. थांब, शिवू नकोस. श्वास येत नव्हता, डोळे बाहेर आले होते, आणि तरी हात वर. आणि मी थांबले. चार पावलांचं अंतर होतं. आयुष्यभर त्यांचं ऐकलं, तसं तेव्हाही ऐकलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण तो हात आपोआप खाली पडेपर्यंत मी उंबऱ्यावर उभी होते.

मग मी आत गेले, त्यांना काखेत धरून उचललं आणि खाली रिक्षात घातलं. मागून गुरुजींच्या बायको म्हणत होत्या, आता सगळा स्वयंपाक पहिल्यापासून.

दवाखान्यात त्या तीन दिवस मास्कवर होत्या. चौथ्या दिवशी वॉर्डात आणलं. एक तरुण डॉक्टरीण राउंडला आली, फाइल चाळली आणि म्हणाली, इतकी औषधं चालू असताना असं व्हायला नको होतं. मग तिनं कुणीच आजवर विचारलं नव्हतं ते विचारलं. "आजी, घेता कसं ते करून दाखवा बरं."

मी पिशवीतून पुंगी काढून दिली. तिनं ती उजेडाकडे धरली, नखानं जाळी खरवडली. नखावर पांढरं आलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कोण धुतं?"

"मी."

"रोज? आणि ओलंच देता?"

नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. शेजारच्या खाटेवरची बाई आणि तिची मुलगी आमच्याकडे बघत होत्या. मी काय बोलणार होते मला माहीत नाही. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी मास्क खाली ओढला.

"तिला काही बोलू नका," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. श्वास घेतला. "सांगितलं होतं तिनं. ओलं चालत नाही म्हणून."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माणसांदेखत त्या माझ्या बाजूनं पहिल्यांदा बोलत होत्या. नवऱ्यानं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरीण म्हणाली, "मग आजी, ऐकलं का नाही?"

सासूबाई पुन्हा थांबल्या. छाती वर-खाली होत होती. मी नेहमीसारखी समोर उभी होते, खाली मान घालून, वाक्य पुरं होण्याची वाट बघत. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, या वाक्याला दम पुरू नये.

"एकदाच म्हणाली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रागानं म्हणते. खरं असतं तर परत म्हणाली असती ना. घरातलं माणूस आहे."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांचा टोमणा मला झोपेतही ओळखू आला असता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. ज्या घरात त्या प्रत्येक गोष्ट दहा वेळा सांगत होत्या, त्या घरात एकदाच सांगितलेलं त्यांनी मनावर घेतलं नाही. मला सिन्नरचं दुकान आठवलं, रांग, कुरकुरणारी माणसं. मी तिथेच रडले. डॉक्टरणीला वाटलं सासूच्या काळजीनं रडते, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी बाजूला केला नाही, याचीही मला लाज वाटते.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. छाती पहिल्यासारखी झाली नाही. जिना उतरणं सुटलं, सोवळं सुटलं, गुरुजींकडची बोलावणी बंद झाली. दोन पुंग्या आणल्या. एक वापरात, एक खिडकीतल्या जाळीवर धुऊन वाळत. रविवारी धुवायची, बुधवारपर्यंत हात लावायचा नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्यांनी मुकाट्यानं म्हणून दाखवलं. उष्ट्याचं नाव पुन्हा काढलं नाही. त्यांनी पुन्हा टोमणे मारावेत असं मला फार वाटायचं. त्यांनी मारले नाहीत.

फक्त रोज सकाळी मी पुंगी हातात दिली, की त्या विचारायच्या, "वाळलीय ना?"

मी म्हणायची, "हो."

त्या माझ्याकडे बघत बसायच्या, पुंगी तशीच हातात. मी दुसऱ्यांदा "हो" म्हणेपर्यंत त्या ती तोंडाला लावत नसत.